दहापैकी दोन

तो रविवार इतका साधा होता की त्याच्याकडे कुणी धड पाहिलंसुद्धा नाही. दुपारी तीनचा खेळ, बाबांचा कडक इस्त्रीचा शर्ट, तिच्या पिशवीत दोन संत्री, आणि घरापासून थिएटरपर्यंतची वीस मिनिटांची वाट. बाबा बरोबर असले की तीच वाट पस्तीस मिनिटांची व्हायची. चौतीस वर्षं ते नकाशे काढण्याच्या कचेरीत आरेखक होते. पुलांचे, इमारतींचे, नाल्यांचे नकाशे त्यांनी हातानं काढले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रस्त्यातली प्रत्येक भिंत सरळ आहे ना हे पाहिल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे.

"बाबा, ती भिंत गेल्या रविवारी होती तिथेच आहे."

"आहे. पण कललीय बघ जराशी."

"तुम्ही असे टक लावून बघता, म्हणून लाजते ती."

बाबा हसले. तिच्या बोलण्याला ते नेहमी असेच हसायचे, आवाज न करता, खांदे हलवत.

हातानं काढलेली चित्रं पडद्यावर चालताना-बोलताना पाहायची, हे बाबांचं एकुलतं एक व्यसन. ते जडलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आई नुकतीच गेली होती आणि घरातली मुलगी बोलायची थांबली होती. बोलत नाही, हसत नाही, कशाची वाट बघत नाही, अशा मुलीचं काय करायचं ते बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला एका ॲनिमेशनपटाला नेलं. बाहेर पडताना पुढच्या सिनेमाचं पोस्टर दिसलं. बाबांनी तिच्या हातात कागदाचा कपटा आणि पेन्सिल दिली. "हा कसा असेल? न बघता सांग. दहापैकी किती?"

तिनं लिहिलं, "दोन."

ती चिठ्ठी बाबांनी आपल्या जुन्या कंपासपेटीत ठेवली. आपलीही ठेवली. त्या दिवसापासून घरात रिवाज पडला. पोस्टर लागलं की दोघांनी चिठ्ठी लिहायची. वर गुण, खाली एक भाकीत. एकमेकांना दाखवायची नाही. गुण तोंडानं सांगितले तर चालायचं, पण भाकिताबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. सिनेमा पाहून झाला की दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. चोवीस वर्षं हा नियम मोडला नव्हता. बाबा आठच्या खाली कधी उतरले नाहीत. ती दोनच्या वर कधी चढली नाही.

"परीक्षकबाई, एवढी कंजुषी बरी नव्हे," बाबा म्हणायचे.

"कमी धरलं की पडायला उंची कमी, बाबा."

त्या रविवारी थिएटरच्या दारात एक माणूस शिडीवर उभा होता. काचेच्या खणात नवं पोस्टर बसवत होता. दातांत दोन टाचण्या, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. पोस्टरवर एक गोगलगाय होती, तिच्या गळ्यात टपालाची पिशवी, आणि समोर न संपणारी ओली वाट. खाली पट्टी: 'लवकरच'.

"गोगलगाय टपाल वाटणार?" ती म्हणाली. "म्हणजे सिनेमा तीन दिवसांचा असेल. दोन गुण."

शिडीवरून आवाज आला. "बाई, पोस्टर पुरतं लागू तरी द्या. निकाल आधीच?"

तिनं वर पाहिलं. त्यानं दातांतल्या टाचण्या काढल्या होत्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ते बाहेर येऊ की नको असं करत होतं.

"तुमचं काम पोस्टर लावायचं," ती म्हणाली. "त्याची वकिली करायचं नाही."

"लावतो त्याची वकिली करावीच लागते. नाहीतर हातून सरळ लागत नाही."

"तरी तिरकंच लागलंय."

तो खरंच मागे झुकून पाहू लागला, आणि शिडी हलली. तो सावरला. "सरळ आहे," तो म्हणाला. "तुम्ही तिरक्या उभ्या आहात."

दोघांची ही चकमक बाबांनी मजेत ऐकली होती. पण ते माणसाकडे नाही, पोस्टरकडेच पाहत होते. अगदी जवळ जाऊन. "परीक्षकबाई, इकडे ये. हा शंख बघ. कंपासनं काढलेला नाही. हातानं काढलाय. इथे… इथे रेघ थरथरलीय. खोडता आली असती, पण ठेवलीय." मग शिडीकडे वळून म्हणाले, "शिडीवाले, तुम्हीपण लिहा एक चिठ्ठी." आणि त्यांनी त्या परक्या माणसाला चोवीस वर्षांचा रिवाज सगळाच्या सगळा सांगून टाकला.

तिला कानकोंडं झालं. घाईनं आपली चिठ्ठी लिहून तिनं घडी केली आणि ती तिकिटं काढायला गेली. खिडकीतल्या मावशींनी नेहमीच्या दोन जागा दिल्या, मधल्या रांगेतल्या. परत आली तर शिडीवाला शिडीच्या पायरीवर कागद ठेवून लिहीत होता आणि बाबा त्याच्या कानाशी लागले होते.

"काय खलबतं चाललीत?"

"नियम समजावतोय," बाबा म्हणाले.

शिडीवाल्यानं घडी करून चिठ्ठी तिच्या तळहातावर ठेवली. बोटांना खळीचा वास होता. तिच्या बोटांनाही तोच वास असायचा. ती ग्रंथालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची आणि दुरुस्त करायच्या आधी प्रत्येक पुस्तक वाचून काढायची. "मैद्याची?" तिनं नकळत विचारलं.

"मैद्याची. थोडा मोरचूद घालून."

"आम्हीपण मोरचूद घालतो. नाहीतर झुरळं—"

"—पहिलं पानच खातात," तो म्हणाला.

"बाबा, तुमची चिठ्ठी?"

"माझी घरी लिहीन निवांत. चष्मा विसरलोय."

आत अंधार झाल्यावर बाबांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. तिनं पाहिलं. विसरायचं वयच आहे, असं म्हणून तिनं ते मनातून काढून टाकलं.

परतीच्या वाटेवर बाबांनी विचारलं, "गोगलगायीला येशील ना?"

"बघू," ती म्हणाली.

तिचं हे नेहमीचं. चोवीस वर्षं बाबा विचारायचे, येशील ना, आणि ती म्हणायची, बघू. बाबांनी मान डोलावली आणि एका कललेल्या खांबाशी थांबले. तीही थांबली. संत्री दोघांनी तिथेच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला तेव्हा तिचे दोन्ही हात खळीत होते. वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तिनं कोपरानं तो जवळ ओढला. शेजारच्या काकू होत्या. "बाळा, घरी ये," एवढंच म्हणाल्या. घरी बाबा आरेखनाच्या टेबलाशी बसलेले होते. समोर टोक काढलेल्या पाच पेन्सिली ओळीनं ठेवलेल्या. सहावी हातात होती, अर्धी तासलेली.

*

माणूस गेल्यावर घर मोठं होतं असं तिनं पुस्तकांत वाचलं होतं. ते खोटं होतं. घर लहान झालं. बाबांचा कप, बाबांची चप्पल, बाबांचा आरसा, जिथे वळावं तिथे काहीतरी आडवं यायचं आणि पुढे जायला वाटच उरायची नाही. ती तळघरात जायची, पुस्तकं शिवायची, परत यायची. भात दोघांचा लावायची आणि उरलेला दुसऱ्या दिवशी खायची. लोक म्हणाले, रडून घे. तिला रडू येत नव्हतं. आतून सगळं कोरडं पडलं होतं.

महिन्याभरानं तिनं कंपासपेटी उघडली. तीन सिनेमे यायचे बाकी होते. पहिल्या दोन सिनेमांच्या बाबांच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या. गोगलगायीच्या मात्र दोनच. एक तिची, एक शिडीवाल्याची. बाबांची नव्हती. तिनं पेटी उलटी केली, अस्तर चाचपलं, टेबलाचे खण पाहिले. नव्हती.

म्हणजे त्यांनी लिहिलीच नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मी बघू म्हटलं, म्हणून.

हा विचार एकदा आत शिरला तो शिरलाच. तिनं त्याच्याशी वाद घातला नाही. खरा वाटणारा तेवढा एकच विचार होता.

पहिला सिनेमा लागला तेव्हा आपण का जातोय हे न समजताच ती गेली. मावशींनी न विचारता दोन तिकिटं दिली. तिनंही घेतली. शिडीवाला खण पुसत होता.

"आज बाबा मागे राहिले?" त्यानं विचारलं. "भिंतीपाशी?"

"नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "गेले."

तो शिडीवरून उतरला. एक एक पायरी, अगदी सावकाश. शिडी मिटून भिंतीला लावली आणि हातातलं फडकं पिळत उभा राहिला. फडकं कोरडं होतं.

सिनेमा सुटला तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसली, बाबांची चिठ्ठी मुठीत घेऊन. लोक पांगले. तो आला, दोन हात अंतरावर उभा राहिला.

"उघडायची नाही?"

"एकट्यानं उघडायचा नियम नाही."

"मग मी बसू?"

ती सरकली. तो बसला. तिनं चिठ्ठी उघडली. "आठ. मध्यंतराआधी उंदीर गाणं म्हणेल. मुलगी डोळे फिरवेल."

उंदरानं गाणं म्हटलं होतं. अगदी मध्यंतराआधी. आणि तिनं डोळे फिरवले होते, शेजारची खुर्ची रिकामी आहे हे माहीत असूनही. तिला हसू आलं, आणि तिथेच अडकलं. तो मात्र चिठ्ठीतल्या अक्षरांकडे पाहत होता. अक्षरं थोडी वेडीवाकडी होती.

"घाईत लिहिलीय," ती म्हणाली.

तो उठून फडकं झटकू लागला.

*

त्यानंतर ती येऊ लागली. सिनेमा असो नसो. ग्रंथालय पाचला सुटायचं, थिएटर वाटेत पडायचं. खरं तर नव्हतं पडत, वळसा होता. तो बादलीत खळ कालवत असायचा, ती बाकावर बसून त्यात चुका काढायची.

"गुठळ्या झाल्यात."

"पुस्तकाला नाही लावायची. भिंतीला आहे. भिंत वाचत नाही."

"तुम्हाला यातले कुठले आवडतात?" एकदा तिनं खणांकडे हात करून विचारलं. बाहेर पाऊस लागला होता, काचेवरून ओघळत होता, आणि आतली सगळी पोस्टरं रडल्यासारखी दिसत होती.

"ज्यात प्राणी बोलत नाहीत ते."

"तसे फार नसतात."

"म्हणून तर आवडतात. बोलायला माणसं काय कमी आहेत? आता ही गोगलगाय… ही बोलणार नाही, बघा. माझी तेवढीच अपेक्षा आहे. तुमची?"

"माझी कशाचीच नसते."

"खोटं."

"दोन गुण देते मी. विचारा कुणालाही."

"कुणाला विचारू?" तो म्हणाला, आणि म्हणता क्षणी त्याचा चेहरा उतरला. कारण विचारण्यासारखं एकच माणूस होतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवईला खळीचा ठिपका लागून वाळला होता. तो खरवडून काढावा असं तिच्या बोटांना वाटलं. तिनं बोटं पदराखाली घेतली. "भुवईला काहीतरी लागलंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"उजव्या… नाही, तुमच्या उजव्या."

त्यानं भलतीकडेच पुसलं. तिनं सांगितलं नाही.

गोगलगायीच्या पोस्टरवर मध्येच तारखेची पट्टी आली. आठ दिवसांनी ती काढून तो पुन्हा 'लवकरच' चिकटवत होता.

"पुढे ढकलला?"

"अडली असेल कुठेतरी. गोगलगायच ती."

असं तीनदा झालं. दुसरा सिनेमा आला, बाबांची चिठ्ठी उघडली. "नऊ. शेवट आधीच कळेल, तरी बघवेल." तेही अचूक निघालं. आता पेटीत बाबांचं काही उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती बाकावरून उठलीच नाही.

"एक सांगू?" ती म्हणाली. "गोगलगायीची चिठ्ठी बाबांनी लिहिलीच नाही."

तो चिकटपट्टी कापत होता. कात्री थांबली.

"असेल," तो म्हणाला.

"नाहीये. सगळं घर उलथंपालथं केलं मी. ते म्हणाले, येशील ना. मी म्हटलं, बघू. मग कशाला लिहितील? कुणासाठी?"

"असं नसतं हो—"

"तुम्हाला काय माहीत?"

कात्री पुन्हा चालू झाली. "सिनेमा लागू द्या," तो म्हणाला. "मग बोलू."

तिला वाटलं होतं, तो जवळ येऊन बसेल. काहीतरी म्हणेल, खोटं का होईना. सिनेमा लागू द्या, हे काय बोलणं झालं? ती उठली आणि पावसातच निघून गेली. पंधरा दिवस तिनं वळसा घेतला नाही. सरळ वाटेनं घरी गेली. सरळ वाट फार लांब होती.

सोळाव्या दिवशी तो ग्रंथालयाच्या तळघरात आला. दारातच उभा राहिला, फाटक्या पुस्तकांच्या थप्प्यांकडे पाहत. हातात तारखेची पट्टी होती.

"गोगलगाय पोचली. शुक्रवारी, दुपारी तीन."

"लावा मग."

"लावतो." तो घुटमळला. "माझी ती शेवटची. पोस्टरं बंद होताहेत, खणांत पडदे बसवणार आहेत. आपोआप बदलणारे. मला एका छापखान्यात काम लागलंय. दुसऱ्या गावी. अकरा तासांचा प्रवास आहे." तो हसला, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. "त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच बोलावलं होतं. मी म्हटलं, एक सिनेमा बघायचाय, मग येतो. तो पुढे पुढेच जात राहिला. शनिवारी सकाळी निघतोय."

तिच्या हातात सुई होती. दोरा ओवलेला होता. तिनं तो पुन्हा ओवायचा प्रयत्न केला.

"याल ना शुक्रवारी?" त्यानं विचारलं.

तिला म्हणायचं होतं… तिला पुष्कळ काही म्हणायचं होतं. ही तारीख येऊच नये, ती गोगलगाय जन्मभर वाटेतच राहावी. मला पुन्हा कुणाच्या मागे रिकाम्या घरात उभं राहायचं नाही. तळघरात पुस्तकांचा वास दाटला होता, आणि तिच्या तोंडून तोच एक शब्द निघाला, जो चोवीस वर्षं निघत आला होता.

"बघू."

त्यानं मान डोलावली. अगदी बाबांसारखी. आणि जिना चढून गेला.

*

शुक्रवारी ती गेली. पिशवीत दोन संत्री होती. ती कशाला घेतली, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. मावशींनी तिकिटं पुढे सरकवली. "आज तीन देऊ?" त्यांनी हळूच विचारलं. तिनं मान हलवली, हो.

तो आत आला तेव्हा दिवे मंद झाले होते. शेजारच्या खुर्चीकडे त्यानं पाहिलं.

"ही नको," ती म्हणाली. "तिच्या पलीकडची."

मधली खुर्ची रिकामी ठेवून ते बसले.

सिनेमात गोगलगाय एकच पत्र घेऊन निघते. ती बोलत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. पावसातून, पाचोळ्यातून, चाकांच्या मधून ती जात राहते, आणि तिच्या मागे चकाकती, थरथरती रेघ उमटत जाते. ती पोचते तेव्हा दार उघडं असतं आणि घर रिकामं. पत्र ज्याचं, तो गेलेला असतो. गोगलगाय पत्र उंबऱ्यावर ठेवते आणि आपल्याच रेघेवरून परत फिरते. बस, एवढंच.

केव्हा कोण जाणे, तिचा उजवा हात शेजारच्या खुर्चीकडे गेला. तळवा उघडा, बोटं पसरलेली, अंधारात रुमाल मागणारी. चोवीस वर्षांची सवय. हात रिकाम्या खुर्चीच्या दांड्याला लागला आणि तिथेच राहिला.

दिवे लागले. सात-आठ माणसं होती, ती निघून गेली. ते दोघं उठले नाहीत. तिनं कंपासपेटी उघडली. आपली चिठ्ठी काढली. "दोन. फार हळू असेल." मग त्याची चिठ्ठी त्याच्यासमोर धरली. "उघडा."

"तुम्हीच उघडा," तो म्हणाला.

तिनं घडी उलगडली. आत आणखी एक कागद होता. दोन्हींवर एकच अक्षर, ठसठशीत, पोस्टरवाल्याचं. वरच्या कागदावर लिहिलं होतं: "सात. सिनेमाचं माहीत नाही. दोन देणाऱ्या बाई पुन्हा दिसाव्यात."

आतल्यावर होतं: "नऊ. एक गुण कापला, कारण टपालाची पिशवी नुसती गळ्यात अडकवली आहे, अशानं ती घसरणार. शंख हातानं काढलाय, त्याचा एक गुण परत द्यावा असं वाटतं, पण मुलगी म्हणेल लाडावलं. ती दोन लिहील. शेवटी माझा रुमाल मागेल आणि मागितला हे कबूल करणार नाही."

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनाशी झाली.

"हे तुम्ही—"

"ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. तुम्ही तिकिटं काढायला गेला होतात तेव्हा." तो मधल्या खुर्चीकडे पाहत बोलत होता. "चष्मा विसरले नव्हते. त्यांचा हात थरथरायला लागला होता. चार-पाच महिने झाले, म्हणाले. पेन्सिल धरवत नाही. तुम्हाला कळायला नको होतं त्यांना. आरेखकाचा हात… म्हणाले, माझी चिठ्ठी तुमच्या घडीत घाला, तिला माझ्या नावावर परकं अक्षर दिसायला नको. सिनेमा झाला की मीच सांगेन तिला, तोवर बोलू नका. मी शब्द दिला."

म्हणून त्या पेन्सिली टोक काढून नुसत्याच ओळीनं ठेवलेल्या होत्या. म्हणून पहिल्या दोन चिठ्ठ्यांची अक्षरं वेडीवाकडी होती. म्हणून ते त्या थरथरलेल्या रेघेशी एवढा वेळ उभे राहिले होते. आणि ती म्हणाली होती, सिनेमा तीन दिवसांचा असेल.

"मी तुमच्यासमोर बसून सांगत होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "बाबांनी लिहिली नाही, माझ्यामुळे लिहिली नाही. आणि तुम्ही चिकटपट्टी कापत बसलात."

"हो."

"इतके महिने मी हेच उगाळत होते."

"चुकलं माझं. नियम होता, शब्द होता… त्याला कसं मोडायचं कळेना. शब्द घेणारा माणूसच राहिला नाही, मग सोडवणार कोण? सिनेमा लवकर यावा म्हणून मी रोज फोन करून विचारायचो. विचारा मावशींना. पण चुकलं."

दारात मावशी झाडू घेऊन आल्या, त्यांनी आत पाहिलं आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

मग तिला रडू आलं. सात महिन्यांचं. ती आवाज न करता रडली, खांदे हलवत, बाबा हसायचे तशी. त्यानं खिसे चाचपले. रुमाल नव्हता. शेवटी त्यानं ते काच पुसायचं फडकं पुढे केलं, खळीनं ताठ झालेलं.

"याला मोरचूद लागलाय," ती हुंदक्यातून म्हणाली.

"झुरळं तरी लागणार नाहीत."

तिनं ते घेतलं. तोंड पुसलं. फडकं गालाला खरखरलं. मग तिनं ते घडी करून मांडीवर ठेवलं, बाबांची चिठ्ठी त्यावर ठेवली, आणि मधल्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली. मोठ्यानं, रिकाम्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "रुमाल मागितला मी. आणि मी सोमवारपासून वाट बघायचे. तुम्ही शर्टाला इस्त्री करायला बसलात की दाराआड उभी राहायचे, जायचं रद्द होतंय की काय म्हणून. दोन लिहायचे, मनात दहा असायचे. प्रत्येक वेळी. मला यायचं होतं बाबा, प्रत्येक वेळी यायचं होतं."

आवाज भिंतींना लागून विरून गेला. पलीकडच्या खुर्चीत तो हात मांडीवर ठेवून बसला होता. भुवईला आजही खळीचा ठिपका होता. तिनं रिकाम्या खुर्चीवरून हात नेला, ठिपका नखानं हळूच खरवडून काढला, आणि हात मागे घेतला नाही.

"तुमचीही वाट बघायचे मी," ती म्हणाली. "ग्रंथालयातून येताना हे थिएटर वाटेत पडत नाही. उद्या तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. जाल, हे माहीत आहे. तरी वाटतं."